घरांतील चित्रगृह आणि विजेचें पथ्य

संगीत आणि नाट्य यांचा आस्वाद घरबसल्या, लहानथोरांसह घ्यावा ही हौस आपल्या घरांना नवी नाहीं. ग्रामोफोनच्या कर्ण्याभोंवतीं एके काळीं जसें सारें बिऱ्हाड जमत असे, तसेंच तें पुढें रेडिओभोंवतीं आणि नंतर टेलिव्हिजनभोंवतीं जमूं लागलें. हल्लीं दिवाणखान्याची एक भिंत मोठ्या पडद्यास देऊन व चोहों बाजूंस स्पीकर मांडून 'होम थिएटर' या नांवाचें खाजगी चित्रगृहच उभें करण्याचा प्रघात धुळें-जळगांवसारख्या शहरांतहि पडला आहे. एकत्र कुटुंबांत तर या खरेदीस दोघांतिघां भावांचा पैसा एकत्र होतो, आजोबांच्या मंद झालेल्या कानांचा विचार होतो, आणि मुलांच्या परीक्षा आटोपण्याची वाट पाहून मुहूर्तहि ठरतो.

हा सारा थाट भिंतींतील ज्या तीन भोंकांवर अवलंबून असतो त्यांचा विचार मात्र सर्वांत शेवटीं होतो, आणि तोहि घरांत नव्हे, दुकानांत. पैसे मोजतां मोजतां दुकानदार विचारतो, "काका, सोबत स्पाइक गार्ड देऊं, स्टॅबिलायझर देऊं, कीं हा मोठा पॉवर कंडिशनर?" यजमान त्या घाईंत फार स्वस्त नको व फार महागहि नको अशा बेतानें मधली वस्तु उचलतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंतता बहुधा निराधार असते. विजेचे विकार एक नसून अनेक आहेत, एका पेटीनें ते सारे बरे होत नाहींत, आणि जिच्यावांचून कोणतीच व्यवस्था पुरी होत नाहीं ती गोष्ट दुकानांत मिळतच नाहीं. ती अंगणांतल्या मातींत पुरलेली असते. एवढाच मुद्दा या लेखांत विस्तारानें मांडावयाचा आहे.

आधीं निदान, मग औषध

नाडी न पाहतां चूर्णाची पुडी बांधणाऱ्या वैद्यावर आपण विश्वास ठेवीत नाहीं. विजेच्या बाबतींतहि तोच न्याय लावावा. शरीरांत जसे वात, पित्त, कफ हे तीन दोष, तसे घरच्या विजेंतहि स्थूलमानानें तीन दोष मानतां येतील.

पहिला दोष क्षणिक लाटेचा. यालाच 'सर्ज' किंवा 'स्पाइक' म्हणतात. आपल्या घरांत येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. हा सरासरीच्या हिशेबाचा आंकडा होय. लहरीच्या अगदीं माथ्यावर तो सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. एखाद्या तारेच्या आसपास आकाशांतील वीज पडली, किंवा जवळच एखाद्या मोठ्या मोटारीचा खटका उघडला-मिटला, कीं या नेहमींच्या लहरीवर शेंकडों, प्रसंगीं हजारों व्होल्टची एक लाट स्वार होऊन येते. तिचें आयुष्य सेकंदाच्या लक्षांश-दशलक्षांश भागांत मोजण्याइतकें अल्प असतें. घरगुती उपकरणानें अशा वेळीं २५०० व्होल्टपर्यंतचा क्षणिक आघात सोसावा असें आंतरराष्ट्रीय मानकांत धरलेलें आहे. त्यापुढची लाट आली कीं बोटाच्या नखाएवढ्या चकतीवर कोरलेलीं लक्षावधि सूक्ष्म वलयें एका क्षणांत भाजून निघतात.

दुसरा दोष विषम दाबाचा. हा क्षणाचा पाहुणा नव्हे. मिनिटेंच्या मिनिटें, कधीं तासच्या तास ठाण मांडून बसतो. संध्याकाळीं पंप व दिवे एकदम लागले कीं दाब उतरतो, मध्यरात्रीं मागणी ओसरली कीं चढतो. याचें सर्वांत उग्र स्वरूप न्यूट्रलची तार तुटल्यावर दिसतें. त्याचें विवेचन पुढें येईल.

तिसरा दोष कल्लोळाचा. यानें यंत्र जळत नाहीं, पण रसभंग होतो. गायक षड्ज लावीत असतां मागून स्पीकर 'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज काढतो, किंवा मिक्सर सुरू झाला कीं पडद्यावर रेघा उमटतात.

पहिल्या दोषाचें औषध दुसऱ्यास चालत नाहीं, आणि तिसऱ्याचें औषध पहिल्या दोहोंस स्पर्शहि करीत नाहीं. दुकानांतील बहुतेक घोटाळा हा भेद न ओळखल्यानें होतो.

शेवटच्या शंभर फुटांची कथा

आपल्या खानदेशांत वीज थोडी निर्माण होते असें नाहीं. भुसावळजवळ दीपनगरास औष्णिक केंद्र आहे; साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे, आणि त्याच तालुक्यांत सौरविजेचाहि मोठा प्रकल्प आहे. पण वीज जवळ निर्माण झाली म्हणून आपला पडदा सुरक्षित होत नाहीं. त्याचें भवितव्य बहुतेक वेळां ठरतें तें खांबापासून आपल्या मीटरपर्यंतच्या आणि मीटरपासून आपल्या भिंतीपर्यंतच्या शेवटच्या शंभर फुटांत.

न्यूट्रलचेंच उदाहरण घ्या. रोहित्रापासून निघणाऱ्या तीन फेज गल्लींतील घरांस वांटून दिलेल्या असतात आणि सर्वांची परतीची वाट एकच, न्यूट्रल. कोणत्याहि दोन फेजमधील दाब सुमारें ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल शाबूत आहे तोंवर तो कोणाच्या घरीं शिरत नाहीं. न्यूट्रल तुटला, कीं दोन निरनिराळ्या फेजवरील दोन घरें एका माळेंत ओंवलीं जातात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वांटले जातात. ही वांटणी मोठी विपरीत असते. समजा, शेजाऱ्याकडे २००० वॅटचा गीझर लागला आहे आणि आपल्याकडे फक्त २०० वॅटचा पडदा चालू आहे. ज्याचा भार कमी त्याचा विरोध अधिक, आणि दाब विरोधाच्या प्रमाणांत पडतो. गणित सोपें आहे: चारशेंचे अकरा भाग करा, त्यांतील एक भाग, म्हणजे अवघे ३६ व्होल्ट, शेजाऱ्याच्या गीझरला मिळतात आणि दहा भाग, म्हणजे सुमारें ३६४ व्होल्ट, आपल्या पडद्यावर येतात. ज्यानें थोडें वापरलें त्यालाच शिक्षा!

आमच्या देवपुरांत एका परिचित कुटुंबावर हाच प्रसंग ओढवला. चार मजल्यांची इमारत. तळमजल्याच्या जिन्याखालीं इमारतीची स्वतःची सामायिक विजेची पेटी. तिच्यांतील न्यूट्रलचा एक स्क्रू सैल पडून तापत राहिला होता. वैशाखांतील एके दुपारीं, साऱ्या मजल्यांवर कूलर लागले असतांना, तो जोड जळून सुटला. दुसऱ्या मजल्यावरील या कुटुंबानें दोनच महिन्यांपूर्वीं घेतलेला पडदा, अ‍ॅम्प्लिफायर व सेट-टॉप बॉक्स तिन्ही गेले. ज्या स्पाइक गार्डवर सर्वांचा भरंवसा होता त्याचें कवच वितळून खालच्या सागवानी कपाटावर काळा डाग पडला. सुदैवानें घरांत माणसें जागीं होतीं, म्हणून गोष्ट डागावर भागली.

या हकीकतींतील खरी शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाई फाल्गुनापासून सांगत होत्या, "वहिनी, यंत्राला ओला हात लागला कीं मुंग्या येतात." घरच्यांनीं त्यांस लांकडी पाट दिला, वायरमनला मात्र बोलाविलें नाहीं. पुढें वायरमन आला तेव्हां दिसून आलें, कीं इमारतीच्या अर्थिंगची तार अंगणांतील नळापाशींच गंजून तुटलेली होती. ती दुरुस्त असती तरी न्यूट्रल सुटण्याचें कांहीं टळलें नसतें, कारण हे दोन दोष निराळे आहेत. परंतु मुंग्यांची तक्रार ऐकून त्याच वेळीं पेटी उघडली असती, तर काळवंडलेला स्क्रूहि तेव्हांच दृष्टीस पडला असता. लाखाच्या घरांतल्या वस्तूंसाठीं जी चौकशी झाली, ती एका बाईच्या हातासाठीं आधीं झाली असती तर दोन्ही वांचलें असतें. पडद्याचें नुकसान पैशानें भरून येतें. ओल्या हाताचा धोका तसा नव्हता.

मुंग्या येण्याचें कारणहि सांगून ठेवतों. पुष्कळ यंत्रांच्या पोटांत विजेची एक गाळणी असते आणि तिचा मधला सांधा यंत्राच्या धातूच्या कवचास जोडलेला असतो. अर्थिंग तुटलें कीं त्या कवचावर सुमारें निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प म्हणून नुसती झिणझिण जाणवते. पण त्याच कवचास आंतली एखादी उघडी तार चिकटली, तर तें प्राणघातक होतें. यास्तव मुंग्या हा विजेनें दिलेला इशारा समजावा, गंमत समजूं नये.

स्पाइक गार्डच्या पोटांत काय असतें?

दुकानांतील स्पाइक गार्ड उघडून पाहिला तर आंत वाटाण्याहून थोडी मोठी, चपटी, बहुधा निळ्या रंगाची एक चकती आढळते. तिला एम.ओ.व्ही. म्हणतात. ती मुख्यतः झिंक ऑक्साइडची असते. आपल्या वैद्यांच्या यशदभस्मांतहि मुख्यतः हेंच द्रव्य. जपानमधील मात्सुशिता कंपनीचे संशोधक मिचिओ मात्सुओका यांनीं १९७१ सालीं या द्रव्याच्या विलक्षण गुणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो गुण असा: दाब मर्यादेंत आहे तोंवर चकती विजेस वाट देत नाहीं, मर्यादा ओलांडली कीं निमिषार्धांत दार उघडून जादा प्रवाह बाजूस वळविते, आणि लाट ओसरतांच दार पुन्हां लावून घेते. आपल्याकडील दाबासाठीं साधारणतः २७५ व्होल्टची चकती वापरतात. तिचें दार लहरीच्या माथ्याच्या हिशेबानें सुमारें ४३० व्होल्टला किलकिलें होऊं लागतें.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही, कीं ही चकती दशलक्षांश सेकंदांच्या पाहुण्यासाठीं केलेली आहे. न्यूट्रल तुटून ३६४ व्होल्ट येऊन बसले, तर त्यांचा माथा ५०० व्होल्टच्याहि वर जातो. दार दर लहरीस उघडतें, चकती तापते, आणि तापत तापत जळते. वरील इमारतींत हेंच झालें. म्हणून जिच्यांत चकती तापतांच तिला तोडून टाकणारी व्यवस्था नाहीं ती वस्तु घेऊं नये. दुसरी ही, कीं प्रत्येक लाट सोसतांना चकती थोडी थोडी झिजते. पेटीवरील 'जूल' या शब्दापुढील आंकडा तिची सोसण्याची पुंजी दाखवितो. तो मोठा असलेला बरा. पुंजी संपली तरी साध्या बोर्डवरील दिवा जळतच राहतो, यजमान निर्धास्त असतात, आणि संरक्षण मात्र केव्हांच संपलेलें असतें. यास्तव केवळ वीज असल्याचा नव्हे, तर संरक्षण शाबूत असल्याचा स्वतंत्र दिवा ज्यावर असेल असाच बोर्ड निवडावा.

येथेंच आणखी एक सूचना. चिरंजीव अमेरिकेहून येतांना मोठ्या प्रेमानें तेथला एखादा भारी सर्ज प्रोटेक्टर घेऊन येतात. तेथें घरांतील दाब १२० व्होल्ट. त्यामुळें तेथील चकतीचें दार आपल्या नेहमींच्या लहरीलाच उघडतें. तो आपल्या भिंतींत लावणें म्हणजे होळी पेटविणें होय. पेटीवर २३० किंवा २४० व्होल्ट असें स्पष्ट छापलेलें नसेल तर प्रेम ठेवून घ्यावें, पेटी परत द्यावी.

काळ्या मातींतील तार

चकती जादा प्रवाह 'बाजूस वळविते' असें वर म्हटलें. पण बाजूस म्हणजे कोठें? फेज आणि न्यूट्रल यांच्यामधली लाट ती परस्पर मिटवूं शकते. परंतु आकाशांतील विजेमुळें उठणारी लाट बहुधा दोन्ही तारांवर एकदमच चढून येते. तिला जमिनीखेरीज दुसरी वाट नसते. ती वाट म्हणजे अर्थिंग. उंबऱ्यावरचा दिवा जसा घरांतहि उजेड देतो आणि अंगणांतहि, तशी ही एक तार माणसासहि राखते आणि यंत्रासहि. देहलीदीपन्यायाचें इतकें चोख उदाहरण दुसरें सांपडणार नाहीं.

आपल्या प्रांताची अडचण अशी, कीं तापीच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. ओली असतां ती विजेला उत्तम वाट देते. पण वैशाखांत तिला हात हात भेगा पडतात, पुरलेल्या नळापासून माती सुटते, आणि वाट बिकट होते. नेमका त्याच वेळीं वळवाचा पाऊस कडकडाट करीत येतो. म्हणजे ज्या पंधरवड्यांत अर्थिंगची गरज सर्वांत अधिक, त्याच पंधरवड्यांत तें सर्वांत दुबळें असतें.

यावरचा उपाय फारसा खर्चाचा नाहीं. अर्थिंगचा जी.आय. नळ अडीच मीटरांहून कमी लांबीचा नसावा, त्याभोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर असावेत, आणि वर पाणी ओतण्यास तोंड ठेवलेलें असावें, ही जुनी पद्धत आजहि चांगली आहे. मात्र मीठ जसें ओल धरतें तसें लोखंडहि खातें, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा नळ आंतून शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. वायरमन पुष्कळदां फेज व अर्थ यांमध्यें बल्ब लावून दाखवितो आणि तो पेटला कीं "अर्थिंग ओके" म्हणून मोकळा होतो. ही परीक्षा फसवी आहे. १०० वॅटच्या बल्बांतून अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह जातो. अर्थिंगचा विरोध ५० ओहम इतका वाईट असला तरी दाबांत अवघी वीस-बावीस व्होल्टांची घट येते, आणि डोळ्यांस बल्ब उजळच दिसतो. म्हणून अर्थ टेस्टर लावून आंकडा वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. तो पांच ओहमच्या आंत असला तर समाधान मानावें. ही मोजणी उन्हाळ्यांत करावी. श्रावणांत केलेली मोजणी ही भरल्या विहिरीकडे पाहून दुष्काळाची तरतूद करण्यासारखी होय.

खर्चाचा क्रम

आतां, हाताशीं ठराविक रक्कम असतां ती कोणत्या क्रमानें खर्च करावी? किंमती दर महिन्यास बदलतात, क्रम बदलत नाहीं.

प्रथम वर सांगितल्याप्रमाणें अर्थिंग, आणि त्याच फेरींत मीटरपासूनच्या सर्व सांध्यांचे स्क्रू आवळून घेणें. फ्लॅटमध्यें राहणाऱ्यांनीं हा विषय सोसायटीच्या सभेंत मांडावा. कारण तेथें सर्वांचें अर्थिंग एकच असतें.

दुसरें, ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हा खटका यंत्र वांचविण्यासाठीं नव्हे, माणूस वांचविण्यासाठीं आहे. वीज गळूं लागली कीं तो डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरवठा तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे लोक भेटतात. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला घालवून देण्यासारखेंच हें आहे.

तिसरें, दाब फाजील वाढला किंवा फाजील उतरला कीं पुरवठा आपोआप तोडणारा व तो पूर्ववत् झाल्यावर कांहीं वेळानें जोडणारा रिले, म्हणजेच ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ. न्यूट्रल तुटण्यावरचें खरें औषध हेंच. घराच्या मुख्य पेटींत बसविला तर फ्रीज, कूलर यांचेंहि रक्षण होतें.

चौथें, मुख्य पेटींतच बसणारें सर्ज संरक्षक, ज्याला वायरमन एस.पी.डी. म्हणतात. साध्या घरास 'टाइप २' जातीचें पुरतें. इमारतीवर वीजवाहक सळई असेल तर प्रवेशापाशीं 'टाइप १' लागतें. आय.ई.सी. ६१६४३ या मानकाचा उल्लेख, दीड हजार व्होल्ट किंवा त्याहून कमी संरक्षण-दाब, आणि हिरवी-लाल खिडकी या तीन खुणा पाहाव्या. बसवितांना त्याच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरहून लांब असूं नयेत. कारण लाटेच्या वेगापुढें सरळ तारसुद्धां अडथळा होते आणि तिच्या दर मीटरास हजार-हजार व्होल्टची भर पडूं शकते. सुबकपणासाठीं तारेचीं वेटोळीं करून ठेवणारा कारागीर येथें नकळत घात करतो.

पांचवें, प्रत्यक्ष पडद्यापाशीं वर वर्णिलेल्या प्रतीचा बोर्ड. मुख्य पेटी दहा मीटरांहून दूर असेल तर हा दुसरा पहारा अवश्य हवा. होम थिएटरचीं सर्व यंत्रें याच एका बोर्डवर असावींत. पडदा, अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर आणि सेट-टॉप बॉक्स यांचा भार मध्यम घरांत बहुधा हजार वॅटच्या आंतच असतो, तेव्हां एक चांगलें सॉकेट आणि मुख्य पेटीपासून स्वतंत्र तार एवढ्यानें काम भागतें.

सहावें, दुसऱ्या वाटा बंद करणें. गच्चीवरील डिशची केबल किंवा तांब्याच्या तारेचें इंटरनेट विजेच्या बोर्डवरून येत नाहीं, म्हणून तें बोर्डवरील पहाऱ्यासहि सांपडत नाहीं. एक पाय नावेंत आणि एक पाय कांठावर ठेवून उभा असलेला मनुष्य पाणी चढलें कीं पडतो. अख्खा नावेंत असलेला पाण्याबरोबर वर चढतो आणि सुखरूप राहतो. पडद्याचें तसेंच आहे. त्याचा एक पाय विजेच्या अर्थवर आणि दुसरा गच्चीच्या केबलवर असला, कीं लाट त्याच्या पोटांतूनच वाट काढते. म्हणून डिशची चौकट व केबलचें कवच घराच्या त्याच अर्थशीं जोडावें आणि केबलवरहि तिचा स्वतंत्र संरक्षक बसवावा. छतावर सौरपट्ट्या बसविल्या असतील तर त्यांची चौकट व खालीं येणाऱ्या तारा यांनाहि हाच नियम. प्रकाशतंतूची केबल वीज वाहून नेत नाहीं, हा तिचा एक मोठा गुण.

स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि कंडिशनर

स्टॅबिलायझर सरसकट घेण्याचें आतां कारण नाहीं. पडद्याच्या मागील पट्टीवर '१००–२४० व्होल्ट' असें छापलेलें असेल तर उतरलेला दाब तो स्वतःच सांभाळून घेतो. त्याला भय चढलेल्या दाबाचें, आणि तें काम तिसऱ्या कलमांतील रिले करतो. जुन्या धर्तीचा, वजनदार ट्रान्सफॉर्मरचा, फक्त '२३० व्होल्ट' लिहिलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि आपल्या भागांत दाब नेहमींच उतरत असेल, तर मात्र त्याला स्टॅबिलायझर द्यावा.

यू.पी.एस. ही जुन्या पद्धतीच्या, दिव्याच्या प्रोजेक्टरला खरी उपयोगी वस्तु आहे. त्याचा तापलेला दिवा बंद झाल्यावरहि पंख्यानें कांहीं वेळ निववावा लागतो. एकाएकीं वीज गेली तर पंखाहि थांबतो आणि दिव्याचें आयुष्य घटतें. यू.पी.एस.वरील व्ही.ए. म्हणजे वॅट नव्हेत, ६०० व्ही.ए.चा लहान यू.पी.एस. पुष्कळदां ३६० वॅटच देतो, हें पाहून घ्यावें. घरच्या इन्व्हर्टरवर संगीत ऐकावयाचें असेल तर तो 'साइन वेव्ह' जातीचा असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि तापतो. शिवाय, वीज चालू असतां साधा इन्व्हर्टर तीच वीज जशीच्या तशी पुढें पाठवितो. तो संरक्षण नव्हे.

आतां तो भारी पॉवर कंडिशनर. त्याच्या पोटांत एम.ओ.व्ही.बरोबर उच्च कंपनांचा कल्लोळ गाळणारी गाळणी असते. मिक्सर किंवा पंख्याचा रेग्युलेटर सुरू होतांच आवाजांत खरखर येत असेल तर तिचा उपयोग होतो. पण नेहमींची एकसुरी घूंघूं बहुधा निराळीच असते. दोन यंत्रें दोन ठिकाणच्या अर्थवर बसलीं, किंवा गच्चीवरील केबल आपली स्वतःची अर्थ घेऊन आली, कीं तारांचें एक वर्तुळ पुरें होतें आणि त्यांत मुख्य विजेचा सूर घुमूं लागतो. परीक्षा सोपी: डिशची केबल काढून पाहावी. घूंघूं थांबली तर रोग केबलमध्यें आहे, आणि सर्व यंत्रें एका बोर्डवर आणून केबलच्या वाटेंत एक लहान आयसोलेटर बसविल्यानें ती जाते. कांहीं हुशार मंडळी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते खरी, पण त्याबरोबर माणसाचें संरक्षणहि जातें. हा उपाय घरांत कोणासहि करूं देऊं नये. आणि ज्या घरीं कोणताच आवाज येत नाहीं, त्यांनीं कंडिशनरनें सूर अधिक गोड होईल या आशेवर पैसा घालण्यापेक्षां तोच दिवाणखान्याच्या पडद्यांवर व सतरंजीवर घालावा. प्रतिध्वनि कमी होऊन संवाद स्पष्ट होतात, आणि आजोबांच्या कानांस त्याचाच उपयोग अधिक.

आकाशापुढें नम्रता

इतकें सारें केल्यावरहि एक मर्यादा उरते. आकाशांतील एका विजेचा प्रवाह सहज तीस हजार अँपिअरच्या घरांत असतो. ती घरावर किंवा लगतच्या खांबावर प्रत्यक्ष पडली तर पडद्यामागची कोणतीच पेटी पुरी पडेल असें नाहीं. तेथें एकच उपाय: प्लग काढून ठेवणें, आणि त्याबरोबर डिशची केबलहि. केवळ बटण बंद केल्यानें भागत नाहीं. ज्या विजेनें आकाशांतून जमिनीपर्यंत मैलभर हवा ओलांडली तिला बटणांतील दोन-तीन मिलिमीटरांची फट काय अडविणार?

मात्र हें काम गडगडाट डोक्यावर येण्यापूर्वींच उरकावें. कडकडाट सुरू झाल्यावर तारांस हात लावणें हाच मोठा धोका आहे. पुणें येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें मोबाईलवर चालणारें साधन तयार केलें आहे; आपल्या ठिकाणापासून वीस व चाळीस किलोमीटरांच्या परिसरांत विजा पडत असल्यास तें इशारा देतें. मोबाईल हाताशीं नसेल तर चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावे आणि तिनानें भागावें. तितके किलोमीटर वीज दूर आहे. हा हिशेब नातवंडांस शिकवावा, म्हणजे भयाची जागा कुतूहल घेईल.

सारांश, वर्षाचें पथ्य असें ठरवून टाकावें. खानदेशांत आखाजीस आपण पितरांच्या नांवें घागर भरतों. त्याच दिवशीं दोन घागरी पाणी अंगणांतील अर्थिंगच्या तोंडांत ओतावें आणि तेथून मृग लागेपर्यंत दर आठवड्यास ओतीत जावें. त्याच सुमारास वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरचा आंकडा वहींत लिहून ठेवावा, पेटींतील स्क्रू आवळून घ्यावे, एस.पी.डी.ची खिडकी हिरवी आहे ना हें पाहावें, आणि आर.सी.सी.बी.चें 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो ना याची खात्री करावी. घरांत कोणीहि, मग ती सूनबाई असो, मूल असो, वा धुणें-भांडीं करणाऱ्या बाई असोत, "हाताला मुंग्या आल्या" असें म्हणाली, तर त्याच दिवशीं तें यंत्र बंद ठेवून वायरमनला निरोप धाडावा. नवा पडदा घेण्याचा विचार त्यानंतर करावा.